ठरावात पत्र नाही

१४ नोव्हेंबर २०२४

श्री. दत्तात्रेय हिराजी म्हात्रे यांस,

पत्र बघून दचकू नकोस. गावकीच्या ठरावात तुझ्याशी बोलायचं नाही असं आहे. देणं-घेणं करायचं नाही, तुझ्या रिक्षात बसायचं नाही, तुझ्या घरचं पाणी प्यायचं नाही, लग्नाला नि मर्तिकाला जायचं नाही, खांदा द्यायचा-घ्यायचा नाही, असंही आहे. पत्र लिहायचं नाही असं कुठेच नाही. मला ठाऊक असायलाच हवं. गावानं ग्रामपंचायतीला बिनविरोध ठरवलेल्या माणसाविरुद्ध तू उभा राहिलास, तेव्हा तुला वाळीत टाकायचा तो ठराव सख्ख्या थोरल्या भावानं म्हणजे मीच बोलून दाखवला, नि हसुराम पाटलानं लिहून घेतला. पोस्टमन तर सरकारचा, त्याला गावकी लागू नाही. तेव्हा निर्धास्त वाच.

काम एवढंच आहे. खाजणाकडच्या बांधाला तुझ्या हद्दीत भगदाड पडलंय. भरतीचं खारं पाणी तुझ्या शेतातून माझ्या शेतात येतं. जमिनीत एकदा मीठ शिरलं की किती पावसाळे भात धरत नाही हे तुला शिकवायला नको, बाबांबरोबर मिठागरात आपण दोघेही राबलोय. गाव तुझ्या बांधाला हात लावणार नाही, ते बरोबरच आहे. पण माझ्या भातानं काय गुन्हा केलाय? लवकर बघ.

मी स्वतः येऊन दाखवलं असतं, बोटानं दाखवायलाही ठरावात बंदी नाही. पण हल्ली मला मुंबईच्या फेऱ्या आहेत. मुतखडा निघालाय. डॉक्टर म्हणतात भरपूर पाणी प्या. दिवसभर हाताला बाटल्या लावतात, दोन तऱ्हेचं औषध असतं. औषध जरा कडक आहे, केस जातात म्हणे. काळजीचं काही नाही. तू करणार नाहीस तो भाग वेगळा.

रामचंद्र हिराजी म्हात्रे
(पंच)


९ डिसेंबर २०२४

दत्तात्रेय,

बांध बघितला. चिखल अजून ओला आहे नि पावलांचे ठसे एकाच माणसाचे आहेत. चार माणसांचं काम तू एकट्यानं केलंस. आभार मानायला ठरावात मनाई आहे की नाही ते आठवत नाही, म्हणून मानत नाही.

तुला एक खरं सांगायचंय. केस जाणारा मुतखडा तू तरी कुठे ऐकला असशील? लिहून टाकल्यावर माझं मलाच हसू आलं. मला कॅन्सर झालाय. लघवीच्या पिशवीचा.

हे घरात तुझी वहिनी सोनू आणि पोरगा निकेत सोडून कोणाला माहीत नाही. तिसरा तू. तुलाच का, तर अख्ख्या गावात तू एकच माणूस असा आहेस की ज्याला सांगितलं तर गावभर होणार नाही. तुझ्याशी बोलतंय कोण?

गेल्या उन्हाळ्यात सुरुवात झाली. लघवी लाल झाली. मी म्हटलं उन्हाळी लागली. आपल्याकडे ज्याला त्याला लागते, त्यात काय. धने-जिऱ्याचं पाणी प्यालो, सब्जा घेतला. दुखत काही नव्हतं, हीच तर फसवणूक. चार दिवस साफ व्हायची, पुन्हा लाल. गणपती बसले तरी माझी उन्हाळी संपेना. मग न्हाणीघरातली फरशी सोनूनं बघितली आणि मला हाताला धरून अलिबागला नेलं. तिथून मुंबईला. दुर्बीण घातली, गाठ खरवडली, फोटो काढले. पोटातल्या ग्रंथींत गेलाय, फुप्फुसावर एक ठिपका आहे. पिशवी काढून टाकून भागलं असतं ती वेळ गेली.

डॉक्टरीणबाई निकेतपेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तोंडावर सांगितलं तिनं, "काका, हा पूर्ण बरा होणार नाही. रोखून धरता येईल." मला आवडलं ते. नंतर बाहेर येऊन जिन्याखाली बसलो तेव्हा नाही आवडलं. विचारत होती, विडी किती वर्षं? म्हटलं, ट्रकच्या स्टिअरिंगवर बसलो तेव्हापासून. म्हणाली, त्याचाच वाटा मोठा. छातीला होतो हे ऐकलं होतं. विडीचा धूर तिथवर उतरतो हे कुणाला माहीत?

दोन औषधं जोडीनं देतात. जेमसिटाबिन आणि सिस्प्लॅटिन. मी बाईंना विचारलं, एकच जोरदार का देत नाही? तर म्हणाली, एकट्या औषधाला हा रोग दाद देत नाही, दोघांनी दोन बाजूंनी धरायचं. पहिल्या दिवशी दोन्ही, आठवड्यानं एकटं जेमसिटाबिन, मग सुट्टी. तीन आठवड्यांचा एक फेरा. असे सहा फेरे करायचं ठरलंय, सोसवलं तर. दुसरं औषध फार कडक आहे. ते देण्याआधी आणि नंतर सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या सोडतात, किडनी धुतली जावी म्हणून. घरीही दिवसाला तीन लिटर पाणी प्यायचं.

तोंडाची चव गेलीय. परवा निकेतनं जिताडा आणला, सोनूनं त्याचं आंबट कालवण केलं, आणि मला वाटलं गंज चढलेला खिळा चघळतोय. तिला सांगितलं नाही. दोनदा वाढून घेतलं आणि मागच्या दारी जाऊन ओकलो.

कोणाला बोलू नकोस हे लिहीत नाही.

रामचंद्र


३० डिसेंबर २०२४

दत्ता,

मोठं औषध बंद झालं. माझ्याच हातानं बंद झालं म्हण.

मुंबईला जायचं म्हणजे रेवसवरून भाऊच्या धक्क्याची लाँच. लाँचमध्ये आपल्या गावची चार-सहा माणसं असतातच. आणि मला आता पाव तासही धीर निघत नाही. पहिल्या फेऱ्याला भरपूर पाणी पिऊन निघालो होतो. ओहोटी होती, लाँच गाळात अडकून उभी राहिली. माझी पँट भिजली. सोनूनं तिची शाल माझ्या मांडीवर टाकली आणि मोठ्यानं म्हणाली, "किती गार वारा सुटलाय!" समोर हसुरामचा जावई बसला होता. त्यानं मान फिरवली. मान फिरवली म्हणजे त्याला दिसलं.

त्यानंतर मी जाण्याच्या आदल्या दुपारपासून पाणी सोडायला लागलो. मुंबईहून येतानाही ओठ ओला करायचा नाही. सोनू बाटली भरून द्यायची, ती मी गुपचूप खाडीत ओतायचो. मिठागरात आपण भर उन्हात फळी ओढायचो तेव्हा दिवसाला किती पाणी प्यायचो? एक तांब्या. ट्रकवर तर तेवढंही नाही, सारखी गाडी कोण थांबवणार? तहान मारायची सवय हाडात मुरलेली. मला वाटलं, शरीर तेच आहे, चालून जाईल.

नाही चाललं. या वेळी रक्त तपासलं तर क्रिएटिनिन चढलेलं. बाईंनी कागद दोनदा बघितला. "काका, पाणी पिता ना?" मी म्हटलं, "पितो की." पंच आहे मी, खोटं बोलताना माझा आवाज हलत नाही. मग तिनं सोनूकडे बघितलं. सोनू म्हणाली, "मी सोता बाटली भरून देतंय." बिचारी खरंच सांगत होती. बाई म्हणाली, औषधानं म्हणा की पाण्यावाचून म्हणा, किडनी थकलीय. आता सिस्प्लॅटिन देता येत नाही. त्याच्या जागी कार्बोप्लॅटिन. तोही त्याच घराण्यातला, पण ताकद कमी. चुलतभाऊ समज.

बाहेर आल्यावर सोनूला खरं सांगितलं. ती रस्त्यातल्या नळावर गेली, बाटली भरून आणली आणि माझ्यासमोर धरून उभी राहिली, मी संपवीपर्यंत. माणसं बघत होती. मी लहान पोरासारखा प्यालो.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ झाकायला मी किडनी घालवली. आणि कोणासाठी? हसुरामच्या जावयासाठी. मला माझा एवढा राग येतो की थाळी फेकावीशी वाटते. पण थाळी उचलायलाही हात धड राहिला नाही, बोटांना मुंग्या असतात. हे अक्षर त्यामुळेच असं आहे.

रामचंद्र


२१ जानेवारी २०२५

दत्ता,

परवाच्या दिवसाबद्दल लिहायला हवं.

निकेत गाडी घेऊन यायचा होता, तो पनवेलला अडकला. लाँचमधून उतरलो आणि रेवसच्या जेटीवरच बसलो. उलटी थांबेना. सोनू माझं डोकं धरून होती. बाकीची माणसं आपापल्या वाहनांनी गेली. जेटीच्या टोकाला एकच रिक्षा उभी राहिली, तुझी.

मी सोनूकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, सरळ पिशवी उचलून रिक्षात ठेवली. मग मीही बसलो. ठराव माझा, बसणाराही मीच. तू एक शब्द बोलला नाहीस. मी बोललो नाही. आरशात तुझे डोळे दिसत होते, तू रस्ता सोडून कुठे बघत नव्हतास. केस पार पांढरे झालेत तुझे. दोन वर्षं एका गल्लीत राहून मला ते दिसलं नव्हतं.

अर्ध्या वाटेत खाजणापाशी तू रिक्षा थांबवलीस. मी सांगितलं नव्हतं. सांगणार होतो, पण कसं सांगू, बोलायची बंदी. तू उतरून रस्त्याच्या पलीकडे जाऊन आमच्याकडे पाठ करून उभा राहिलास. मी तिवरांच्या आडोशाला गेलो. मला वेळ लागतो आता, थांबून थांबून होतं. तू एकदाही वळून बघितलं नाहीस आणि घाईही केली नाहीस. परत येऊन बसलो आणि मला रडू आलं, दत्ता. पुढच्या आरशात तुला दिसलं असेल तर दिसू दे.

भाडं सीटवर ठेवलं होतं. सकाळी ते आमच्या ओट्यावर दगडाखाली सापडलं. देणं-घेणं नको म्हणून परत केलंस की भावाकडून नको म्हणून, ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी हसुरामकडे गेलो. म्हटलं, मी दत्ताच्या रिक्षात बसलो, ठराव मोडला, काय दंड तो लावा. तो पायरीवरून उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "रामदादा, आजारी मानसाला चालतंय. तुमी तब्बेतीला जपा." म्हणजे सगळ्या गावाला ठाऊक आहे! मुतखडा मुतखडा म्हणून मी दोन महिने जीव काढला आणि अख्खं गाव माझ्या तोंडावर मान डोलवत होतं. त्याचा तो हात मला अजून खांद्यावर जाणवतो. चिडलेला हसुराम चालेल, कळवळलेला नको.

आता एक सांगतो आणि मग हे पत्र बंद करतो. ठरावात खांद्याची अट माझी होती. हसुरामला सुचलीही नव्हती. मी म्हटलं, नुसतं बोलणं बंद करून काय होतंय, मर्तिकाला कोणी जाऊ नये नि खांदा घेऊ नये, तेव्हा माणूस वठणीवर येतो. मला वाटत होतं मरण तुझ्या घरचं असेल. आता मरण माझ्या घरचं येणार आणि माझी इच्छा एवढीच आहे की पुढच्या बाजूला तू असावंस. एका बाजूला निकेत आणि एका बाजूला तू. चूक झाली असं मी लिहिणार नाही. लिहिल्यानं ठराव पुसला जात नाही. काय करायचं ते बघतो.

रामदादा


१६ फेब्रुवारी २०२५

दत्ता,

काल आमच्या घरी मोठा गौप्यस्फोट झाला.

संध्याकाळी सोनूनं कालवांची आमटी केली. चव नाही, पण वास ओळखीचा वाटला. मी म्हटलं, तुला एकटीला एवढी कालवं कशी फोडून आणता आली? ती म्हणाली, "येकटी कनाला? नीरा व्हती ना." मी म्हटलं, कोण नीरा? "आता नीरा कोन म्हंजे? जाऊ माजी."

दोन वर्षं, दत्ता! दोन वर्षं तुझी बायको आणि माझी बायको ओहोटीला खडकावर बसून कालवं फोडताहेत आणि गप्पा मारताहेत. मी आवाज चढवला, ठराव काय, नियम काय. सोनू कोयता ठेवून माझ्यासमोर आली. "तुमचा ठराव गावात. खारीत पानी हाय, थय गावकी नाय. मना काय ठराव इचारून कालवं काराला जायाचं हाय?" मला राग आला, मग हसू आलं, आणि हसताना लघवी सुटली, मग दोघंही हसलो. तुला म्हणून सांगतो.

म्हणजे लाँच कधी येते, मला कुठे थांबावं लागतं, सगळं तुला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मुतखड्याचं पत्र वाचलंस तेव्हा तू उठून पडवीत गेलास, हेही सोनूनं सांगितलं. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला चांगलंच खेळवलंत.

आणखी एक गोष्ट तिनं सांगितली. गेल्या वर्षी तू अलिबागला वकिलाकडे गेला होतास. वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा आहे, तक्रार करता येते, पण वकील म्हणाला की साक्षीदार आणा. गावातला एक तरी माणूस उभा राहिला पाहिजे की हो, असा ठराव झाला, मी तिथे होतो. तू चार घरं फिरलास. चारही दारं लागली. माझ्या दारी आला नाहीस.

औषध चालू आहे. चौथा फेरा झाला. चुलतभाऊ किडनीला छळत नाही, पण रक्ताच्या पेशी खाली आणतो. मागच्या खेपेला पेशी कमी म्हणून आठवडाभर थांबवलं. वजन उतरतंय. निकेत म्हणतो, "बाबा, पँट नवीन घेऊ." मी म्हटलं, पट्ट्याला भोकं पाड, तेवढ्यात भागेल.

रामदादा


६ एप्रिल २०२५

दत्ता,

पाचव्या फेऱ्यानंतर फोटो काढला. फुप्फुसावरचा ठिपका होता तेवढाच आहे, पण यकृतावर नवीन आलेत. बाईंनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि दाखवले. काळ्यात काळे गोल. मी विचारलं, सिस्प्लॅटिन पूर्ण मिळालं असतं तर? ती म्हणाली, "कदाचित थोडे महिने जास्त मिळाले असते, कदाचित नाही. ते कुणीच सांगू शकत नाही, काका. तुम्ही त्यात अडकू नका." मी अडकलोय, दत्ता. सकाळी उठलो की पहिल्यांदा ती खाडीत ओतलेली बाटली दिसते.

पुढचं औषध आहे म्हणाली, आणखी एक वेगळं, थोड्याच लोकांना लागू पडतं, त्रासही आहे. मी विचारलं, दिवाळी बघेन का? म्हणाली, पावसाळा बघाल असं मला वाटतं, दिवाळीचं मी बोलणार नाही. सोनू बाहेर गेली आणि खिडकीच्या गजाला धरून उभी राहिली. मला मरणाची भीती वाटते. दिवसा नाही वाटत, माणसं असतात. पण वाटते. तुला लिहितोय कारण निकेतला सांगता येत नाही, तो लगेच मोबाईल काढून दुसरा डॉक्टर शोधायला लागतो. पुढचं औषध घ्यायचं की नाही ते अजून ठरवलं नाही.

चैत्री जत्रेआधी गावकी बसते. मी जाणार आहे. ठराव मी मांडला, रद्दही मीच मांडणार. देवळात तास-दोन तास मांडी घालून बसायचं म्हणजे मला शिक्षाच, पण सोनूनं फडकी आणि जाड लंगोट शिवून दिलाय. लाज आता खाडीत ओतली.

निकेतला सांगितलं तेव्हा त्यानं जेवण अर्धं टाकलं. "गाव करील ते राव करील काय, हे तुमीच बोलायचे ना बाबा?" म्हणाला. मी म्हटलं, बोलायचो. त्याच्या धंद्याच्या तिन्ही गाड्यांवरची माणसं गावचीच आहेत, त्याला भीती वाटते. मलाही वाटते.

रामदादा


१५ एप्रिल २०२५

दत्ता,

हे पत्र पोस्टानं नाही. सोनू घेऊन येतेय, तुझ्या पुढच्या दारानं, भर दुपारी.

गावकीत काय झालं ते नीराला कळलं असेल, पण माझ्याकडून ऐक. मी उभा राहिलो, खांबाला धरून. म्हटलं, दत्तात्रेयवरचा ठराव मी मांडला होता, तो मागे घ्या. निवडणूक लढवणं हा गुन्हा नाही. सगळे खाली बघत होते. हसुराम उठला आणि गोड आवाजात म्हणाला, "रामदादा, दत्तानं देवासमोर माफी मागली की ठराव उठंल. पन तुमचं येगळं हाय. तुमी आजारी हाव. तुमी बोला भावाशी, जा त्याच्या घरी, गाव कानाडोळा करंल."

मी विचारलं, "आणि मी गेल्यावर? खांदा?"

तो म्हणाला, "तवाचं तवा बगू."

मला तिथल्या तिथे म्हणायचं होतं, मग मलाही वाळीत टाका. तोंडापर्यंत आलं होतं. समोर निकेत बसला होता. त्यानं हात जोडले नाहीत, काही नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. मी खाली बसलो. शाळेत पोरांना टाळ्या वाजवायला लावतात तशा दोघा-तिघांनी वाजवल्या. गाव किती मोठ्या मनाचं आहे म्हणून. मला माझ्या भावाशी बोलायची परवानगी मिळाली, दत्ता. मी जिवंत असेपर्यंतची. श्वास गेला की परवानगी संपली, मग तू पुन्हा परका.

घरी येऊन विचार केला. ही परवानगी मी घेणार नाही. भीक म्हणून तुझ्या दारात उभा राहणार नाही, म्हणूनच हे पत्र.

तुझ्या वकिलाला साक्षीदार हवा होता. मी आहे. ठराव झाला, मी तिथे होतो, मी मांडला, कोण कोण होकार देऊन गेलं तेही तोंडपाठ आहे. तक्रारीत पहिलं नाव माझं घाल, मग हसुरामचं, मग बाकीच्या पंचांची. मला साक्षीदारही कर आणि आरोपीही कर, जे कायद्यात बसेल ते. बाईंनी सांगितलेला पावसाळा अजून दोन महिने लांब आहे. डोकं जागेवर आहे तोवर माझा जबाब घ्यायला लाव. पुढचं औषध मी नाही म्हणून कळवलंय. त्यानं दिवसचे दिवस झोपून जातात, आणि मला आता जागं राहायचंय.

निकेतला काल संध्याकाळी सांगितलं. तो म्हणाला, "तुमी जाल बाबा. आमना इकरंच रावाचं हाय." एवढंच. त्याचं खरं आहे, इथे राहायचं त्यांनाच आहे. उद्या गाड्यांवर माणसं आली नाहीत तर ते माझ्यामुळे. लेक अमिषाचं लग्न ठरायचंय, हळदीला गावातलं कोणी उभं राहिलं नाही तर तेही माझ्यामुळे. तुझ्यावर केलं ते माझ्या पोरांवर उलटणार, आणि मी तेव्हा नसणार. हे ठाऊक असून करतोय. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हण हवं तर. पण तुला असंच ठेवून मला जाता येत नाही.

काल संध्याकाळपासून निकेत माझ्याशी बोललेला नाही. सकाळी चहा त्यानं ओट्यावर आणून ठेवला आणि पाठ फिरवून गेला. आमच्या घरात माझ्यावर ठराव झालाय, आणि त्याला पंच लागले नाहीत. दोन वर्षं तुला कसं वाटलं असेल ते मला एका रात्रीत कळलं.

उद्या सकाळी अलिबागला जायचंय. वकिलाचं ऑफिस वरच्या मजल्यावर आहे म्हणे. मला आता जिना एकट्यानं चढवत नाही, दत्ता. तू ये.

रामदादा